त्रेपन्न तोळे

अगं गोदे, दारातूनच गाठोडं दाखवत काय ओरडतेस, ‘मावशी, ह्याला किती पडतील?’ म्हणून? ये इकडे, जवळ बस. गाठोडं हातात घेतल्याशिवाय मी कधी कुणाला दर सांगितला नाही. आणि हातात घेऊनसुद्धा एकदा चुकले, ते आधी ऐक.

ठाण्याच्या पोस्टाच्या ओट्यावर मी पार्सलं शिवायची. आमचे हे शिंपी. ते गेल्यावर सुई माझ्या हाती आली. पार्सल कापडात शिवून, शिवणीवर लाखेचं सील मारल्याशिवाय मास्तर हात लावत नसत. मी अक्षरं शिकले ती पत्ते गिरवता गिरवता.

पार्सलाच्या टपालाला तेव्हा बंगी म्हणत. दर दोन गोष्टींवर ठरे. गाव किती लांब, आणि वजन किती तोळे. वजनाच्या पायऱ्या असत. पन्नास तोळ्यांपर्यंत एक दर; त्यावर तोळाभर चढलं की अख्ख्या पार्सलाला पुढच्या पायरीचा दर. म्हणून लोक आदल्या दिवशी माझ्याकडे गाठोडं आणत. मी तळहातावर तोलायची आणि सांगायची, उद्या एवढे आणे घेऊन ये. हात तोळाभरही चुकत नसे, आणि त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू?

भिमाबाई कोलशेतच्या मिठागरावरची. लेक भुसावळला, जावई रेल्वेत खलाशी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दिवस अवघडले म्हणून लेकीला आणता आलं नाही. ती तिकडेच बाळंत झाली. बारशाच्या आत माहेरचं गाठोडं पोचायला हवं होतं. डिंक, सुंठ, बाळंतशेपा आणि भिमाबाईनं स्वतःच्या लुगड्याची शिवलेली कुंची. मी तोललं. गाठोडं छत्तीस, कापड नि लाख तेरा. एकोणपन्नास. “बसतंय पन्नासात,” म्हटलं, आणि आणे सांगितले.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा आठसुद्धा वाजले नव्हते. पदराच्या गाठीत नेमके तेवढेच आणे. मांजरपाटाचं माझं जुनं ठाण संपत आलेलं, म्हणून मी त्याच सकाळी नवं फोडलं, बेतलं, शिवलं, सील मारलं. मास्तरांनी पार्सल तराजूत ठेवलं आणि वजनावर वजन चढवत गेले.

“सखूबाई, हाताला झोप लागली वाटतं? त्रेपन्न भरतंय.”

“परत तोला.”

“तीनदा तोलतो. तराजूला ना माझी भीड, ना तुमची.”

तिन्ही वेळा त्रेपन्न. मास्तर म्हणाले, “वरचे आणे द्या, नाहीतर आतलं काही काढा. बाराला टपालाची थैली बंद.”

चूक माझी, वरचे मी घालते म्हटलं. भिमाबाईनं माझा हात धरला. “नाय गो बाय. लेकीचा पयला गाठोडा हाय. त्यान परका पैसा नाय चालत.”

“मग थोडा डिंक काढू?”

“बालंतिनीचा हाय तो.”

कुंचीचं मी विचारलंच नाही.

मला मात्र राहवेना. चुकले ते चुकले, पण कुठे? टाके उसवले. मास्तरांना म्हटलं, तराजू घटकाभर द्या. नुसतं गाठोडं ठेवलं: छत्तीस, काल सांगितलं तेवढंच. म्हणजे आतलं बरोबर होतं. लाख नेहमीचीच. उरलं काय? कापड!

पिशवीत जुन्या ठाणाची वीतभर चिंधी होती. तेवढीच चिंधी नव्या ठाणाची कापली. एक या पारड्यात, एक त्या. नवीचं पारडं झपकन खाली.

मास्तर उठून बाहेर आले. “लांबी तीच, रुंदी तीच, मग हे जड कसं?”

मी चिंधी उन्हाला धरली. सूत जाड नव्हतं, उलट बारीकच. चुरगळली तर करकर वाजली.

“मास्तर, जरा तुमच्या कोटावर घासू?”

“माझ्याच का?”

“इथे दुसरं काळं काय आहे?”

घासली. कोटावर पांढरीधोप भुकटी! विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, ते मला ठाऊक होतं. पण इतकी? मी कालचा अंदाज जुन्या कापडाच्या हिशेबानं सांगितला होता आणि शिवलं ते खळीच्या थरात.

“धुवून बघू?” मी म्हणेपर्यंत भिमाबाई कापड घेऊन समोरच्या तळ्याच्या पायऱ्या उतरलीही. मिठागरावरचे हात ते. दगडावर असं चोळलं की पाणी ताकासारखं पांढरं झालं. ते निवळेपर्यंत ती थांबली नाही. मग आम्ही दोघींनी चार टोकं धरली आणि फाल्गुनातल्या उन्हात उभ्या राहिलो. ओलं कापड तर आणखी जड, म्हणून घाई करूनही चालेना. येणारे जाणारे विचारत, “काय गं, पतंग उडवताय?”

अकरा वाजून गेल्यावर ते खडखडीत वाळलं, नेसून जुनं झालेल्या लुगड्यासारखं मऊ. शिवलं, सील मारलं.

मास्तरांनी वजनं एकेक करून ठेवली. पारडं हललं, स्थिरावलं. “एकोणपन्नास. वर चिमूटभर.”

भिमाबाईनं तेव्हाच पदराची गाठ सोडली.

पुढे भुसावळहून पत्र आलं, मास्तरांनीच वाचून दाखवलं. पार्सल बारशाच्या आदल्या दिवशी पोचलं होतं. डिंक चांगला आहे. कुंची बाळाच्या नाकापर्यंत येते. भिमाबाई म्हणाली, “त्यान काय झाला? डोका वाढल ना!”

कापडाच्या दुकानदाराला मी विचारलं, एवढी खळ कशाला? तो म्हणाला, “बाई, गिऱ्हाईक हातात घेऊन जड लागलं तरच घेतं.” खरंच होतं त्याचं. मीही तसंच घेतलं होतं. तेव्हापासून कापड धुतल्याशिवाय मी कात्री लावली नाही, आणि आतल्या मालाइतकंच वरचं वेष्टणही तोललं. हाताला कळतं, पण त्याच्या ओळखीचं असेल तेवढंच.

तुझं गाठोडं इथेच ठेव, वरच्या कापडासकट तोलून मगच दर सांगेन. आता ऊठ, घरी कल्याणला पोचायला उशीर होईल. कल्याण काही भुसावळ नाही गं, गाडीनं घटकाभराचं. येत्या रविवारी मुलांना घेऊन ये, आणि येशील ती जेवायला.