फळ्यावरचं आस्वल

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अकोटला माहेरी कोणाच्या अंगात यायचं नाही, दाराला लिंबू-मिरची बांधायची नाही. वडील सांगायचे, डोळ्यांनी पाहाल तेवढंच बोला. मी तर पाहिलेलंही फारसं बोलत नाही. म्हणून हे वहीत लिहिते आहे... कोणाच्या हाती पडलंच, तर हसू नये, एवढंच.

चिखलदऱ्याला एका रिसॉर्टमध्ये मी सहा वर्षांपासून कामाला आहे. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, आणि एक जास्तीचं काम — फळा लिहायचा. रिसेप्शनच्या ओट्यावर मोठा काळा फळा आहे. वर रंगाने लिहिलंय, ‘आज काय दिसलं’. त्याखाली सकाळी मी लिहिते. पावसाळ्यात कितीतरी दिवस एकच शब्द असतो — धुकं. धुकं हटलं की धबधबे, रस्त्यावर आलेले गवे. थंडीत स्ट्रॉबेरी आणि सांबरं. उन्हाळ्यात मोहाची फुलं पडली की अस्वलं. मी स्वतः जंगलात जात नाही. दूधवाला, चौकीदार, मोळीवाल्या बाया सांगतात, ते लिहिते. शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर गोल आहे, म्हणून मॅनेजरसाहेबांनी हे काम मला दिलं.

माझी एक चूक व्हायची. ‘अस्वल’ऐवजी मी ‘आस्वल’ लिहायची, बोलतो तसंच. कित्येक वर्षं कोणी काही म्हटलं नाही. मग मागच्या दिवाळीत अमरावतीच्या एक शिक्षिका उतरल्या होत्या. त्यांनी हळूच बोटाने तो काना पुसला आणि म्हणाल्या, “ताई, एवढंच. बाकी सुंदर लिहिता.” त्या चांगल्याच बोलल्या. पण मला दिवसभर मान वर करवली नाही. त्या दिवशी खोलीवर जाऊन मी पानभर ‘अस्वल, अस्वल’ लिहून काढलं. पुन्हा ती चूक एकदाही केली नाही.

हे जानेवारीत घडलं. अकोल्याहून तीन कुटुंबं आली होती, बरोबर सात-आठ लेकरं. सकाळी सात वाजता लेकरांना मागच्या उतारावरच्या वाफ्यांत स्ट्रॉबेरी तोडायला न्यायचं ठरलं होतं.

साडेसहाला मी फळ्यापाशी गेले. आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने मीच तो पुसला होता. खडूचा शेवटचा तुकडाही त्याच दिवशी सकाळी लिहिताना संपला होता. नवीन डबा साहेबांच्या कपाटात, कुलपात. आणि फळ्यावर लिहिलेलं होतं —

आस्वल. वाफ्यात. पिल्लू आहे. लेकरं नेऊ नका.

अक्षर माझं. ‘ल’ची गाठ माझी. आणि तो काना... तोही माझाच, दिवाळीच्या आधीचा.

किती वेळ उभी होते माहीत नाही. किचन सांभाळणाऱ्या सईदा आपा चहा घेऊन आल्या. बाळापूरच्या आहेत, उर्दू वाचतात, मराठी वाचता येत नाही.

“काहून अशी उभी वो मंदा? चहा थंडा होऊन राहिला.”

मी वाचून दाखवलं.

“मंग तूच लिवलं असन. नींद में चलती क्या?”

“खडू कोठी हाये आपा?”

त्यांनी माझे दोन्ही हात धरून पाहिले. बोटं कोरडी, स्वच्छ. मग त्या जरा घाबरल्या. “पुसून टाक. कोणं तरी गंमत केली. साहेब पायतीन तं तुलेच बोलतीन.”

मी फडकं वर नेलं. पुसलं असतं तर संपलं असतं. पण तिकडे लेकरं टोपल्या घेऊन उड्या मारत होती. एक लहानी तर टोपली डोक्यावर घालून फिरत होती. माझा हात तिथेच थांबला.

तेवढ्यात साहेब आले. अकोल्याच्या जठारपेठेतले, वयाने माझ्या भाच्याएवढे. फळा वाचला.

“मावशी, हे कोणी सांगितलं? दूधवाल्यानं?”

दूधवाला अजून आलाच नव्हता. कोणीच काही सांगितलं नव्हतं. हे सांगितलं असतं, तर ते हसून लेकरांना घेऊन गेले असते. मी म्हणाले, “मीच पायलं.”

“तुमी? कोठून?”

“मागच्या दारातून.”

एवढ्या लोकांसमोर मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. आणि बोलले ते खोटं.

लेकरांचा हिरमोड झाला. एक गृहस्थ म्हणाले, “स्ट्रॉबेरी संपल्या असतीन त सरळ सांगा ना भाऊ! अस्वलाले काहून बदनाम करता?” सगळे हसले. साहेब मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, “मावशी, मी वनरक्षकाले फोन करतो. पण काही निघालं नाही, तर मालकाले काय सांगू? मंग माझ्या हातात काही राहणार नाही.”

मला कळलं. काम गेलं तर खोलीही जाणार. मालकांनी दिलेली खोली आहे, आणि माझ्या घरधन्यांची कंबर धरल्यापासून ते दिवसभर तिथेच पडून असतात. आम्ही जाणार कुठे? मी किचनमध्ये जाऊन बसले. आपा कणीक मळत होत्या. त्यांनी एक गोळा माझ्यापुढे सरकवला. मी पोळ्या लाटत बसले. एकही धड गोल झाली नाही. मी मनात म्हणत होते, असू दे रे देवा, अस्वल असू दे... आणि मग वाटायचं, असं काय मागते आहे मी!

नवाच्या सुमाराला वनरक्षक दोन माणसं घेऊन आले. थोड्या वेळाने उतारावरून फटाक्यांचा आवाज आला. मग ओरडणं. मग साहेब धावत आले, चेहरा पांढरा पडलेला. “आहे मावशी! पिल्लू आहे संगं!” शेवटच्या वाफ्याच्या चरात, हिरव्या जाळीच्या आडोशाला मादी बसली होती. माणसं दहा पावलांवर जाईपर्यंत दिसलीच नाही. फटाके वाजवल्यावर पिल्लाला पाठीवर घेऊन दरीत उतरली. लेकरं सात वाजता तिथेच गेली असती. शेवटच्या वाफ्यातच फळ जास्त लाल होतं.

मघाच्या त्या गृहस्थांनी मला हात जोडले. त्यांच्या बायकोने त्या टोपलीवाल्या लहानीला माझ्या पाया पडायला लावलं. मला जमिनीत जावंसं झालं.

जाताना वनरक्षक मागच्या दारापाशी थांबले. “ताई, इथून पायली का?”

मी मान हलवली. त्यांनी उताराकडे पाहिलं. मीही त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे उभी राहून नीट पाहिलं. समोर पाण्याची टाकी आहे, तिच्या मागे बांबूचं बेट. वाफे तिथून दिसतच नाहीत. एक टोकसुद्धा नाही.

त्यांनी टाकीकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. मग म्हणाले, “बरं झालं पायली,” आणि गाडीला किक मारून निघून गेले.

फळा नंतर साहेबांनी पुसला. मी खूप विचार केला. झोपेत लिहिलं म्हणावं, तर खडू नव्हता. कोणी गंमत केली म्हणावी, तर वाफ्यात अस्वल आहे हे त्याला कुठून कळलं? आपा म्हणतात, अल्लाने लिहिलं. पण अल्ला माझ्यासारखं चुकीचं कशाला लिहील?

आता सगळे म्हणतात, मंदाबाईची नजर तेज. नवीन गेस्ट आले की साहेब त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात. मी मान खाली घालते, त्यांना वाटतं लाजते. मी काहीच पाहिलं नव्हतं, हे साहेबांना अजून सांगितलेलं नाही. घरच्यांनाही नाही.