पाठराखीण मार्थाबाई

जी मुलगी हरवलीच नाही, तिला वाचवले हे दाखवायचे कसे? गौरव समितीचे पत्र आल्यापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे, आणि खरे सांगते, मला त्याचे उत्तर देता येत नाही. विहीर खोदली तर पाणी दाखवता येते. शाळा बांधली तर तिच्यासमोर उभे राहून फोटो काढता येतो. आमच्या मार्थाबाई साळवे यांनी शिरूर आणि दौंडच्या भागात गेली कित्येक वर्षे जे काम केले, ते नीट पार पडले म्हणजे काहीच घडत नाही. मुलगी आपल्या घरी भाकरी थापत असते आणि आपल्यावर काय येणार होते, हे तिच्या गावीही नसते. तरीही बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत या आनंदात मी लिहायला बसले आहे, आणि कुठून सुरुवात करू नि कुठून नको असे मला झाले आहे.

बाईंना मी प्रथम पाहिले ते मांडवगण फराट्याला, आमच्या ओसरीवर. मी सातवी पास झाले होते. शिरूरच्या मिशन शाळेच्या मुलींच्या बोर्डिंगच्या त्या प्रमुख. पांढरे लुगडे, हातात काळी छत्री, पायांत पुरुषी वहाणा. मला पुढे शिकवायचे म्हणून त्या माझ्या वडिलांना, आबांना, भेटायला आल्या होत्या.

"पोरगी न्याल, पर आमच्या देवधर्माचं काय?" आबांनी विचारले.

"देव तुमचाच राहील. ते सोडा. आधी मला सांगा, पोरीबरोबर कोण येणार?"

"तुमी हाय की संगं."

"मी कोण? आज पहिल्यांदा तुमच्या ओसरीवर टेकले. अनोळखी बाईच्या हाती लेक देता होय?"

आबांनी आईकडे पाहिले. आई पदर तोंडाला लावून हसली. नवरी सासरी निघाली की माहेरची एक जाणती बाई पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर जाते, दोन दिवस राहते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. पण शाळेला निघालेल्या मुलीला पाठराखीण, हे आम्ही प्रथमच ऐकत होतो. बाईंचा हट्टच होता. शेवटी आई माझ्याबरोबर आली. बाईंनी तिला स्वयंपाकघर दाखवले, विहीर दाखवली, आम्ही निजणार ती खोली दाखवली आणि म्हणाल्या, "दार लावून घ्या. कडी आतून आहे ना? आता बाहेर येऊन बघा, बाहेरून आहे का?" बाहेरून कडी नव्हती. आई गावी परतल्यावर शाळेबद्दल एक अक्षर बोलली नाही. साऱ्या आळीला तिने त्या कडीचेच कौतुक सांगितले.

ही बाईंची रीत कशातून आली, ते मला फार उशिरा कळले. त्या नव्यानेच शिक्षिका झाल्या असताना त्यांच्या वर्गातली एक मुलगी कोणा बाईबरोबर मुंबईला कामाला गेली. वाटेत खायला दशम्या बाईंनीच बांधून दिल्या होत्या. ती मुलगी पुन्हा कोणाला दिसली नाही. याहून अधिक त्या सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. तेव्हापासून या भागातली मुलगी परगावी निघाली, लग्नाला असो की कामाला, की बाईंचा एकच प्रश्न असतो: "पाठराखीण कोण?" कोणीच नसेल तर त्या स्वतः जातात. मुलगी कुठे निजते, कडी कुठल्या बाजूला आहे, शेजारी कोण राहते, सारे डोळ्यांनी पाहूनच परत येतात.

आता माझी चूक सांगते. गौरवाच्या लेखात लेखिकेची चूक कशाला, असे कोणी म्हणेल. पण ती सांगितल्याशिवाय बाई कळणार नाहीत.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. सुट्टीला गावी आले, तर आमच्या आळीतल्या हौसाचे लग्न ठरत होते. हौसाला आईवडील नव्हते. मामामामींनी वाढवलेली, माझ्याच वयाची, हसायला लागली की न थांबणारी. मुंबईचे एक पाहुणे आणि त्यांच्याबरोबर एक मावशी आली होती. मुलगा गिरणीत आहे, हुंडा नको, लग्न आम्हीच करून देऊ, फक्त परवाच निघायला हवे. पुराव्याला त्यांनी गिरणीचे पत्र आणले होते. वर छापील नाव, खाली जांभळा शिक्का. मारुतीच्या पारावर मला बोलावणे आले.

"इंदे, वाच बरं मोठ्यानं," हौसाचे मामा म्हणाले.

आमच्या आळीत एवढे शिकलेली मीच. मी असे खणखणीत वाचले, की पारावरचे म्हातारे माना डोलवू लागले. कोणीतरी विचारले, "खरं हाय का गं?" आणि मी म्हणाले, "छापलेलं आहे, शिक्का आहे, खोटं कसं असेल?" एवढ्यावर हौसाचे लग्न पक्के झाले. ज्वारीची काढणी चालू होती, घरातून कोणी बाई निघण्यासारखी नव्हती. ती मावशी गोड हसून म्हणाली, "मी हाय की पाठराखीण!" आणि आम्हा साऱ्यांना ते किती सोयीचे वाटले!

दुसऱ्या दिवशी मी शिरूरला परतले आणि उड्या मारतच बाईंना बातमी दिली. त्यांनी शांतपणे विचारले, "पाठराखीण कोण?"

"मुलाकडचीच एक मावशी."

बाईंच्या हातातले पुस्तक खाली आले. "पाठराखीण मुलाकडची? गेली का हौसा?"

"उद्या. दौंडहून दुपारच्या गाडीनं."

त्या मला एक शब्द रागावल्या नाहीत. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही दौंड गाठले. बाईंनी आधी स्टेशनवरच्या पोलिस जमादारांना गाठून दोन वाक्यांत सारे सांगितले, मग मुंबईचे तिकीट काढले. भीमा नावेने ओलांडून हौसाची मंडळी आलेलीच होती. पोचवायला आलेले मामा काढणीसाठी लगेच परत फिरले होते. बाकावर हिरव्या लुगड्यात हौसा, तिच्या एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला तो पाहुणा. बाई सरळ जाऊन मावशीच्या शेजारी बसल्या.

"मी शिरूरची मार्थाबाई. हौसाची पाठराखीण म्हणून येते तुमच्याबरोबर."

"पाठराखीण हाय," पाहुणा गुरकावला. "तुमची गरज न्हाई."

"असू दे की. लग्नघरात एक बाई जास्त झाली तर काय बिघडतं? नवरदेवाचं देवक कुठलं हो मावशी?"

मावशी पाहुण्याकडे पाहू लागली. "देवक म्हंजी... आपलं नेहमीचंच."

"नेहमीचं?" बाई हसल्या. "मी ख्रिस्ती बाई, मला देवक नाही. तरी मला ठाऊक आहे, दोघांचं देवक एक निघालं तर लग्न होत नाही. आणि तुम्ही विचारलंसुद्धा नाही? बरं, मुलाच्या आईचं नाव?"

पाहुणा उठून उभा राहिला. "ए बाई, तुला कुणी बोलावलं गं?"

"कुणी नाही. पाठराखिणीला कोण बोलावतं? मी दोन दिवस राहीन, घर बघेन, परत येईन. तिकीट काढलंय माझं."

"तू आमच्या दारात पाय ठेवायचा न्हाई!"

मग बाई हौसाकडे वळल्या. मी तो क्षण विसरणार नाही. त्यांनी तिचा हात ओढला नाही, आरडाओरडा केला नाही. "हौसा, तुझ्या पाठराखिणीला दारात उभं करत नाहीत, असं ते घर आहे. जायचं का तू ठरव."

गाडीची घंटा झाली. हौसाने माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडून कसेबसे निघाले, "हौसे, मी चुकले गं. ते पत्र मला काय कळलं?" ती उठली, आपले गाठोडे उचलले आणि बाईंच्या पलीकडे येऊन उभी राहिली. पाहुणा रूळ ओलांडून पळू लागला आणि थेट जमादारांच्या हाती सापडला. आनंदाने मला ओरडावेसे वाटत होते.

मावशी तिथेच बसून राहिली होती. बाई तिच्याकडे परत गेल्या. मला वाटले, आता हिला चांगले सुनावणार. त्या म्हणाल्या, "तुला नेलं तेव्हा तुझ्याबरोबर पाठराखीण कोण होती गं?"

ती बाई ढसाढसा रडली. "कुणी न्हवतं," एवढेच म्हणाली. पुढे तिने पोलिसांना जे माहीत होते ते सारे सांगितले. चार महिने ती बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात होती. मग एक दिवस न सांगता निघून गेली. तिच्या गावाकडचे कोणी भेटले की बाई अजून तिची चौकशी करतात.

त्याच आठवड्यात बाई मला आणि हौसाला घेऊन मांडवगणला आल्या. "जिथं वाचलंस तिथंच सांग," एवढेच त्या म्हणाल्या. पारावर उभे राहून मी माझी चूक सांगितली.

"मंग शिकून काय दिवं लावलं म्हनायचं?" एका म्हाताऱ्या आप्पांनी टोमणा मारला.

"आप्पा, चुकले म्हणायला शिकली, तेवढं पुष्कळ आहे," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही सांगा, स्टेशनवरून परत आलेली पोरगी म्हणून हौसाला नावं ठेवणार, की तिचा पहिला पाहुणचार तुमच्या घरी करणार?"

आप्पांनी डोके खाजवले. "ह्या बाईपुढं बोलायची सोय न्हाई," म्हणत त्यांनी घरात पुरणाचा निरोप धाडला. त्यानंतर आमच्या गावातून मुलगी बाहेर निघाली, की आळीतल्या बायका पाळीपाळीने पाठराखीण म्हणून जाऊ लागल्या. दोन वर्षांनी हौसा कवठे येमाईला सासरी गेली, तेव्हा पाठराखीण मी होते. घराची कडी मी तीनदा तपासली. तिची सासू अजून मला त्यावरून चिडवते.

माझ्या घरातली मी पहिली पदवीधर. परीक्षेच्या दिवसांत मला हिवताप आला, तेव्हा बाई शिरूरहून पुण्याला येऊन आठ दिवस माझ्या उशाशी बसल्या होत्या. निकाल लागला तसा आबांनी गावभर गूळ वाटला. पुण्याच्या एका कचेरीतून नेमणुकीचा कागदही आला. त्याच सुमारास बाईंचे गुडघे सुजले. कारेगावची सोना मुंबईला एका घरी मूल सांभाळायला निघाली होती आणि बाईंना पलंगावरून उतरता येत नव्हते. "तू नोकरीवर जा, मी बघते काहीतरी," त्या म्हणत राहिल्या.

बाई, तुमचे गुडघे बरे होवोत. तुमची काळी छत्री अजून पुष्कळ उन्हाळे दौंडच्या फलाटावर दिसो, आणि तुमच्या पंचाहत्तरीचा लेखही मलाच लिहायला मिळो. पहिल्या ओळीतल्या प्रश्नाचे उत्तर तोवर सापडले तर तेव्हा लिहीन.

कचेरीला मी नकार कळवला आहे. तुमच्याच शाळेत शिक्षिका म्हणून गेल्या सोमवारी रुजू झाले. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मंग त्या कारेगावच्या पोरीसंगं कोण जानार व्हतं, ते तरी सांग." मीच गेले होते, आबा. रुजू होण्याआधी दोन दिवस त्या घरी राहून आले. सोना स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत निजते. शेजारी एक सातारची आजी राहते, तिला शाळेचा पत्ता देऊन ठेवला आहे. कडी आतून आहे. मी स्वतः लावून पाहिली.