संत्र्याच्या ताणाचे दिवस

ताण म्हणजे नेमकं काय? घरातली पहिली पदवीधर असूनही मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?

सोबत अभ्यास करणारी शीतल तलाठी झाली. आठ दिवस हेव्याने मी तिला फोनही केला नाही. घरी म्हणाले, अभ्यासाचा ताण असेल.

संत्र्याला फूल यावं म्हणून पाणी तोडतात, त्यालाही ताणच म्हणतात. आज बागेत बाबा म्हणाले, "बराबर पस्तीस दिवस झाले. लई ताणलं तर झाड वाळतं, पोरी. पाणी सोड."

मला झाडांचाही हेवा वाटला. त्यांचे दिवस कुणीतरी मोजत होतं.

पाणी सोडलं आणि बांधावरूनच शीतलला फोन लावला. "अभिनंदन गं. लई जळत होते तुझ्यावर."