चौघांसाठी ठरवलेली सहल

ॲन आर्बरला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती, पण मिशिगन काही पाहून झालं नव्हतं. नवऱ्याची युनिव्हर्सिटीतली लॅब, माझी नोकरी आणि जवळजवळ अर्धं वर्ष बर्फ. २००४च्या सुरुवातीला मला दिवस राहिल्याचं कळलं आणि नवरा एकदम नकाशा पसरूनच बसला. बाळ ऑगस्टमध्ये येणार होतं. बाळंतपणाला नागपूरहून आई यायची होती. ती परत जाण्याआधी, ऑक्टोबरमध्ये पानं रंगली की चौघांनी राज्यभर फिरून यायचं, असं ठरलं. आधी लॅन्सिंग, मग मिशिगन तळ्याच्या काठाकाठाने ट्रॅव्हर्स सिटी आणि शेवटी उत्तरेला मॅकिनॉ बेट.

त्या बेटावर मोटारींना बंदी आहे, सगळे टांग्यातून फिरतात, हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती हसायला लागली.

"टांग्यात बसायला अमेरिकेला येऊ होय? आणि एवढ्याशा जिवाला घेऊन कुठे उंडारताय?"

"आई, कार सीट असते गं. दर दोन तासांनी थांबणार आहोत आम्ही."

"तळ्याकाठी वारं असेल. मी कुंची शिवून आणते."

पानांच्या दिवसांत हॉटेलं आधीच भरतात म्हणून नवऱ्याने वसंतातच बुकिंग करून टाकलं.

जूनमधल्या एका सकाळी बाळ हललं नाही. मी गार पाणी प्याले, डाव्या कुशीवर पडून राहिले. मग आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टरीणबाई बराच वेळ पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. नंतर त्यांनी यंत्राचा पडदा माझ्यापासून दुसरीकडे वळवला, तेव्हाच मला कळलं. तरी कळा द्याव्याच लागल्या. मुलगी होती. तिला दाट जावळ होतं. नर्सने तिला दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं. मी घेतलं. नवरा खिडकीपाशी पाठमोरा उभा होता.

आईला फोन त्यानेच केला. "तिकीट पुढे ढकलायचं का, आई?" असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "का? माझी लेक तिथेच आहे ना?"

जुलैत ती आली. तिने बॅग उघडली तर आत डिंक, अळीव, खारका, तिळाचं तेल. कुंची नव्हती. मला संतापच आला.

"हे कशाला आणलंस? कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," आई म्हणाली. "बाळंतीण तू आहेसच."

तोवर सगळे म्हणत होते, तब्येतीला जप, वय आहे, पुन्हा होईल. माझ्या अंगावर दूध आलं होतं आणि ते मी कोबीची पानं लावून एकटीनेच आटवलं होतं. बाळंतीण मला कुणीच म्हटलं नव्हतं. आईने दुसऱ्या दिवसापासून अंगाला तेल लावायला घेतलं, पोट बांधलं, रोज सकाळी अळिवाची खीर समोर ठेवली. बोलायची फार नाही. मीही नाही.

सप्टेंबरात नवरा हॉटेलांना फोन करायला बसला. आईने विचारलं, "काय करताय?"

"बुकिंग्ज कॅन्सल करतोय. आता कुठे जायचं?"

"नका करू," आई म्हणाली. "ही किती दिवसांत घराबाहेर पडली नाही. पानं बघू, पाणी बघू. जसं ठरलंय तसंच जाऊ."

मला जायचं नव्हतं, पण नको म्हणायचंही त्राण नव्हतं. मग नवऱ्याने पुन्हा नकाशा काढला. दर दोन तासांनी थांबायची आता गरज नव्हती, म्हणून प्रवासातला एक दिवस कमी झाला. ते तो बोलून गेला आणि नकाशाची घडी घालू लागला.

सहल झाली. लॅन्सिंगला विधानभवनाचा घुमट पाहिला, ट्रॅव्हर्स सिटीला आईने चेरीचा जॅम घेतला. झाडं खरंच पेटल्यासारखी दिसत होती. मी मागच्या सीटवर बसायचे, आईच्या शेजारी.

मॅकिनॉच्या अलीकडच्या गावात हॉटेलची खोली उघडली तर दोन पलंगांच्या मध्ये बाळाचा पाळणा. त्यावर पांढरी चादर नीट ताणून घातलेली. वसंतात बुकिंग करताना नवऱ्याने मागितला होता. पुढे तो विसरूनच गेला होता.

"मी... मी रिसेप्शनला सांगतो," तो म्हणाला आणि तसाच बाहेर गेला.

मी पाळण्याच्या कठड्याला धरून खाली बसले आणि रडले. हॉस्पिटलमध्येसुद्धा अशी रडले नव्हते. आईने मला रडू दिलं. नंतर तिने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "ते तर गाडीपाशीच उभे आहेत." ती खाली गेली. मला वरून दिसत होतं. त्याने दोन्ही हात गाडीच्या टपावर ठेवले होते आणि त्याचे खांदे हलत होते. एरवी जावयाशी चार हात अंतर ठेवून बोलणारी माझी आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती काय म्हणाली ते त्याने मला नंतर सांगितलं: "मुलगी तुमचीही गेली. तुम्हाला कुणी विचारलं नाही ना?"

दुसऱ्या दिवशी बोटीने बेटावर गेलो, टांग्यात बसलो. थंडी होती. आईने आमच्या तिघांच्या पायांवर शाल घातली आणि विचारलं, "नाव काय ठरवलं होतं तुम्ही?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जूननंतर ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. नवऱ्याने सांगितलं. आईने ते एकदा म्हणून पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. ते नाव मी इथे लिहीत नाही.

आई नोव्हेंबरात परत गेली. दोन वर्षांनी आम्ही नोकरीसाठी सांता क्लाराला आलो. आम्हाला पुढे मूल झालं नाही. दुःख कमी झालं असं म्हणवत नाही, पण त्या सहलीनंतर आम्ही दोघं त्याबद्दल बोलू लागलो. दर जूनमध्ये आईचा फोन येतो. ती नातीचं नाव घेते, ती किती वर्षांची झाली असती ते सांगते आणि मग जेवलीस का म्हणून विचारते.