टेप लावलेला डबा

"बाई, हसा की जरासं. फुकट इन्सुलिन भेटून राह्यलं तुमाले," वाशिमहून आलेला फोटोवाला म्हणाला. मांडवातले सगळे हसले.

माझी मान खाली गेली. योजनेच्या उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी माझ्या हातात थर्माकोलचा पांढरा डबा दिला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. आता गरिबाचं एकही लेकरू इन्सुलिनवाचून राहणार नाही, असं माईकवर सांगितलं. माझ्या लेकीला रोज सुई लागते. मी त्यांच्या पाया पडले. ते अजून टोचतं.

टेप काढू नको, थंडावा जाईल, असं आशाताईनं बजावलं होतं. ती घरोघरी औषधं देते. आमच्याच वस्तीतली. मी तिचं ऐकलं. घरी फ्रीज नाही, म्हणून डबा माठाखालच्या ओल्या रेतीत ठेवला. जुनी बाटली संपली तेव्हाच टेप काढली.

आत बर्फाची पिशवी, वितळलेली. खाली घडी घातलेला पेपर. बाटली नाही.

दुसऱ्या दिवशी लेक ओकायला लागली. श्वास मोठा, तोंडाला वास. तिला ऑटोत घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. औषधाच्या खिडकीत डबा ठेवला. आतला माणूस हसला.

"तो फोटोचा डबा व्हता, बाई. माल आलाच नाही अजून. तुमच्या लोकाइले फुकटाचं म्हटलं की दम निघत नाही."

त्याच्या मागच्या भिंतीवर माझाच फोटो होता. डबा छातीशी धरलेली मी.

तिथून गाडीनं लेकीला अकोल्याला नेलं. ती वाचली. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, एवढा उशीर काहून केला?

काल आशाताई आली. पुन्हा कार्यक्रम आहे म्हणाली. मोठे पाहुणे येणार, लाभार्थी म्हणून तूच पाहिजे, चांगलं पातळ नेस.

मी विचारलं, "ताई, डबा रिकामा हाये, हे तुले माहीत व्हतं का?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. "मले वरून सांगतलं व्हतं," म्हणाली.

लेक आजारी पडली तेव्हा हीच माझ्याआधी रडली होती.

येते, मी म्हणाले. चार माणसांत मला बोलता येत नाही. बोलणारही नाही. डबा हातात आला की सगळ्यांसमोर टेप फाडीन आणि डबा उलटा करीन. बाटली पडली नाही, तर स्टेजवरून उतरणार नाही. त्याचा फोटो काढा.