गोबरगॅसवरचा चहा

माझं माहेर सांगली शहरातलं, सासर कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातलं. माहेरी सिलेंडर संपला की नंबर लावून वाट बघायची. सासरी वाट बघायला सिलेंडरच नव्हता. बायका डोंगरावरून जळण आणत. लग्न होऊन मी गेले तेव्हा नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, फौजेतून सुभेदार होऊन परतले होते आणि शिस्त लावण्याजोगं त्यांना गावात काही मिळत नव्हतं. शेवटी त्यांनी डोंगर हाती घेतला. गावावरच्या बोडक्या डोंगरावर चर खणायचे, झाडं लावायची, पाणी मुरवायचं, अशी सरकारी योजना आली होती. मामंजी समितीचे अध्यक्ष झाले. डोंगरावर जनावर चढणार नाही, कुऱ्हाड चालणार नाही, असा ठराव त्यांनी गावासमोर मांडला. सगळ्यांनी हात वर केले.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "आवं, पर चुलीत काय घालायचं?"

त्या माझ्या सासूबाई होत्या.

मामंजी तडक घरी आले. दुसऱ्या दिवसापासून ते परसात गोबरगॅसच्या टाकीसाठी खड्डा खणायला लागले. म्हशी आता डोंगरावर जाणार नव्हत्या, गोठ्यातच चारा खाणार होत्या. म्हणजे शेण सगळं दारात. ते टाकीत घालायचं, गॅस स्वयंपाकघरात, उरलेली मळी खत म्हणून उसाला. सगळं नीट बसत होतं, फक्त शेण कमी पडत होतं. म्हणून त्यांनी संडासही त्याच टाकीला जोडला, आणि तसं सगळ्यांना जेवताना सांगितलं.

सासूबाईंनी ताट सारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठ्याशेजारी आपली चूल मांडली आणि उसाचं वाळकं पाचट जाळून वेगळा स्वयंपाक सुरू केला. मी आत गॅसवर करायचे. कुणाची बाजू घेतली असं वाटू नये म्हणून मामंजी दोन्हीकडं जेवायचे. त्यांचं वजन वाढलं.

अशात नणंदेला बघायला लोणंदकडचे पाहुणे आले. "पावण्यांचा चा चुलीवरच व्हईल," सासूबाईंनी बजावलं. आदल्या दिवशी वळवाच्या पावसानं पाचट भिजलं होतं. धूर सरळ पाहुणे बसलेल्या सोप्यात शिरला. नवरा मुलगा खोकायला लागला. त्याची आजी तेवढी बाहेर कट्ट्यावर वाऱ्याला बसली होती. नणंद आजीपुढं ट्रे घेऊन गेली तेव्हा नणंदेच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"पोरगी रडतीया," आजी म्हणाली. "जबरदस्ती कशाला करताय?"

"धूर हाय, आजी," नणंद म्हणाली.

"मीबी माझ्या वक्ताला धूरच म्हणलं हुतं."

 चहालाही धुराचाच वास होता. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मामंजींनी मला खूण केली, तशी मी आत गॅसवर दुसरा चहा टाकला.

कप हातात येताच मुलाचे वडील म्हणाले, "लय लवकर झाला. सिलेंडर हाय व्हय?"

मामंजींना खोटं बोलता येत नसे. त्यांनी टाकीची सगळी हकीकत सांगितली, संडासासकट. मी आत भिंतीला टेकून उभी राहिले. नणंदेचं लग्न मोडलं, असंच मला वाटलं.

बाहेर कप बशीत ठेवल्याचे आवाज आले. मग आजीचा आवाज आला, "अजून अर्धा कप द्या."

मुलाचे वडील मामंजींबरोबर टाकी बघायला गेले ते लवकर परतलेच नाहीत. तोवर आजीनं नणंदेला शेजारी बसवलं, तिचे डोळे कोरडे होऊ दिले आणि लग्नाचं तिलाच विचारलं. ती हो म्हणाली.

संध्याकाळी सासूबाई दुधाचं पातेलं घेऊन आत आल्या. "चुलीवर दुधाला धूर लागतो," म्हणाल्या, आणि ते गॅसवर ठेवलं. पुढं भात आला, मग आमटी. भाकरी मात्र त्यांनी शेवटपर्यंत चुलीवरच भाजली.

डोंगरावर गवत वाढलं. बायका कापून भारे आणू लागल्या, आमच्या गोठ्यात म्हशी वाढल्या आणि शेण पुरायला लागलं. मामंजींनी एकदा स्वतःहून विचारलं, "संडास आता येगळा करू का?"

"ऱ्हाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "ऊस बरा आलाय."