मान न मोडणारी सून

आमच्या गल्लीतली फिजिओथेरपिस्ट बावीस वर्षं लोकांच्या माना-खांदे बरे करते आहे, आणि तितकीच वर्षं लोक तिच्यावर नाराज आहेत. मान धरून आलेल्या माणसाला कडकन आवाज हवा असतो. ही आधी विचारते, चक्कर येते का, बोटांना मुंग्या येतात का, कुठे पडलात का. मग खांद्याचे स्नायू हलकेच दाबते, दुखलं की थांबते, आणि हनुवटी मागे घ्यायचा व्यायाम शिकवून घरी पाठवते. आवाज नाही म्हणजे उपचार नाही, अशी गल्लीची ठाम समजूत.

सगळ्यांत जुने नाराज तिचे सासरे. निवृत्त हेडमास्तर, त्यांच्या लेखी सून कायमची नापास. गेल्या वर्षी त्यांची मान धरली. पुढे शर्टाची बटणं लागेनात, चालताना तोल जाऊ लागला. तिने एकदाच तपासलं आणि हात काढून घेतला.

"मज्जारज्जूवर दाब दिसतोय. ही मान कुणाला मोडू देऊ नका. आधी एमआरआय."

"जमत नाही की मशीनवर ढकलायचं. रविवारी मी सलूनमध्ये जाणार. तिथला सलूनवाला एका झटक्यात मान मोकळी करतो."

"बाबांच्या नादी कशाला लागतेस?" नवरा पेपराआडून म्हणाला. त्याचा संसारातला सहभाग साधारण एवढाच.

शनिवारी ती सलूनमध्ये गेली. सलूनवाल्याशी तिचं जुनं वैर. त्याने बिघडवलेल्या माना तिच्याकडे येत, आणि आपण हिला गिऱ्हाईक पुरवतो असं तो सांगत फिरे.

"उद्या सासरे येतील. त्यांची मान फिरवलीस तर हातपाय कायमचे जातील."

"ताई, वीस वर्षं मोडतोय. एकाचीही तक्रार नाही."

"लुळी पडलेली माणसं तक्रार करायला चालत येत नाहीत."

त्याने कंगवा पुसून ठेवला. "मग मास्तरांना सांगू काय?"

"माझं नाव सोडून काहीही."

रविवारी त्याने मास्तरांच्या मानेवर दोन बोटं ठेवली, चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, "फोटो काढल्याशिवाय मी हात लावणार नाही." सोमवारी सकाळी सातला मास्तर एमआरआयच्या दारात हजर. आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं.

आता ती रोज त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. भेटायला येणाऱ्यांना ते पडल्यापडल्या सांगतात, "हिला बावीस वर्षांत कळलं नाही ते त्याला दोन बोटांत कळलं."

"हो. खांदे वर घ्या. दहापर्यंत मोजा."

"मला मोजायला शिकवू नकोस."

"मग चारवर का थांबलात?"